इकडची काडी तिकडे

३ मार्च, सोमवार

आज रात्री जेवताना मीठ टेबलाच्या पार त्या टोकाला होतं. नोंद मुद्दाम करतो आहे. राज्यं बुडाली, घराणी धुळीला मिळाली, त्याच्या मुळाशी असलंच काहीतरी असणार. कुणीतरी मीठ लांब ठेवलं असणार आणि इतिहासकारांना ते लिहायची लाज वाटली असणार. पन्नाशीला टेकलेला, कमावता, निर्व्यसनी गृहस्थ. पुढ्यात अळणी भाजी. मीठ दिसतंय, हात पुरत नाही. मी म्हटलं, मीठ. ही म्हणाली, उठा.

उठलो नाही. प्रश्न मिठाचा नव्हता, तत्त्वाचा होता. तत्त्व चवीला बेकार लागतं.

नंतर हिने हॉस्पिटलमध्ये तिच्या बाबांना फोन लावला आणि सांगितलं, इकडची काडी तिकडे करत नाहीत हो, बाबा. फोन स्पीकरवर. सासरे हसले. खुब्याचं ऑपरेशन झालंय, हसलं की कळ येते म्हणतात, तरी हसले.

ठीक आहे. काडी तर काडी.

४ मार्च, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर शोध लागला. शब्द आहे सायकोकायनेसिस. मनाच्या जोरावर वस्तू हलवणे. उठायला नको, मागायला नको, वर ऐकून घ्यायला नको. ही विद्या आजवर नवऱ्यांपासून का लपवून ठेवली असेल? मराठी शब्द मीच केला: मनोचालन.

नवशिक्यांसाठी फुकट व्हिडिओमाला आहे. शिकवणाऱ्याचं टक्कल, काळा टी-शर्ट, पापणी न लववता बोलतो. यापुढे टक्कलगुरुजी. म्हणतात, सुरुवात हलक्या वस्तूपासून करा, उदाहरणार्थ आगपेटीतली काडी. काडी! अंगावर काटा आला. विश्व आपल्याशी सतत बोलत असतं. आपण नेमके तेव्हा डुलकी घेत असतो.

संकल्प: पहाटे साडेपाचला उठून सराव. महिनाअखेर काडी. वर्षाअखेर मीठ.

५ मार्च, बुधवार. सकाळी ८.१०

पहाट हुकली. पहाट ही मुळात लवचीक कल्पना आहे.

संध्याकाळी

टेबलावर काडी ठेवली. वस्तूशी एकरूप व्हा, असं गुरुजींचं सांगणं. मी काडी आहे, मी काडी आहे, असं मनात म्हणत बसलो. ही मागून जाता जाता म्हणाली, काडी कुठली, ओंडका. म्हणजे मनात म्हणत नव्हतो.

काडी हलली!!

पंखा चालू होता. बंद केला. पुन्हा हलली. ही म्हणाली, श्वास सोडताय तुम्ही तिच्यावर. नाक-तोंड दाबून बसलो, डोळ्यांपुढे काजवे चमकले, ते मात्र व्यवस्थित हलत होते. शेवटी काडीवर काचेचा पेला उपडा घातला. आता हलेना. काच मनाला अडवते, असं दिसतं. हे कुठेच लिहिलेलं नाही. शोध माझा.

७ मार्च, शुक्रवार

ऑफिसात प्रयोग. मी आवक-जावक विभागात आहे. कागद येतात, कागद जातात. निदान जावेत अशी अपेक्षा असते. निळी फाइल माझ्या टेबलावरून साहेबांच्या टेबलावर नुसत्या मनाने पाठवायची ठरवलं. दुपार गेली. साहेबांनी बोलावून विचारलं, ती निळी फाइल तुमच्या टेबलावरून हलत का नाही? म्हटलं, सर, सकाळपासून तेच करतोय.

शेजारच्या टेबलावर सर्वज्ञ बसतो. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं म्हणून हे नाव. तो म्हणाला, वजन ठेवल्याशिवाय फाइल हलत नसते, राव. हा नियम पदार्थविज्ञानाच्या साफ उलटा आहे. पण त्याचा स्वतःचा अनुभव दांडगा.

९ मार्च, रविवार

गंभीर प्रसंग. डॉक्टर म्हणाले, महिनाअखेर बाबांना घरी न्या. मेहुण्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे आमच्याकडे, मागच्या खोलीत. बाबांना आता वॉकर धरून चालावं लागणार. खोलीत पलंग आणि वॉकर मावायचा तर कपाट बाहेर काढायला हवं. हे कपाट माझ्या वडिलांनी करून घेतलेलं. जाड लाकूड, दोन दारं, आत एक छोटा संसार थाटता येईल.

सासरे स्वाभिमानी. त्यांनी हिला सांगितलंय, अडचण होणार असेल तर मी आपला इथेच बरा, कॉटभर जागा मिळतेच आहे. यावर ही फोनवर म्हणाली, बाबा, तुमची खोली तयार आहे. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या कपाटाकडे बघत उभी होती.

म्हणाली, हमाल बोलावू? म्हटलं, माझ्या बापाचं कपाट बाहेरच्यांच्या हाती? कपाटाचं माझ्यावर सोड. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परदेशी भाषेत बोललो. मग म्हणाली, खरंच? म्हटलं, शब्द दिला.

शब्द विचार करूनच दिला. कपाट म्हणजे तरी काय? काड्यांची मोळी.

१२ मार्च, बुधवार

काडी सोडली, थेट कपाटाला भिडलो. गुरुजींच्या क्रमाप्रमाणे काडीनंतर पेन्सिल, मग चमचा, मग खुर्ची असं जायचं. पण बुद्धिमान विद्यार्थ्याने दोन इयत्ता एकदम केल्या तर कुठे बिघडतं?

आसन: मागच्या खोलीतली वेताची खुर्ची, पाय स्टुलावर, डोळे मिटलेले. ही आत डोकावून म्हणाली, हे काय? म्हटलं, कपाटाचंच काम चाललंय. कसं न्यायचं त्याचा विचार. ती म्हणाली, विचार घोरतोय.

१३ मार्च, गुरुवार

कपाट तसूभरही हललं नाही. मान मात्र जाम अवघडली, तीही हलत नाही. शक्तीचा परिणाम उलट्या बाजूने होतो आहे काय? गुरुजींना विचारायला हवं.

१४ मार्च, शुक्रवार

हललं.

पुन्हा लिहितो: हललं. ऑफिसातून आलो, बूट न काढताच आत गेलो. कपाटाच्या मागे फरशीवर पांढुरका पट्टा दिसतोय, इतकी वर्षं झाकलेली फरशी. चांगला चार बोटं रुंद. पंखा बंद होता. श्वास मी तिथे घेतलेलाच नव्हता.

कुणाला सांगितलं नाही. थोरांची पहिली खूण, मौन. सर्वज्ञाला फक्त एवढंच म्हटलं की काही गोष्टी पुस्तकात नसतात. तो म्हणाला, हो, उत्तरं शेवटच्या पानावर असतात.

१५ मार्च, शनिवार

चहा उशिरा. हिच्या मनगटाला पट्टी. विचारलं तर म्हणाली, लचकलं. कशाने? काम करताना. मी म्हटलं, जपून करत जा. एवढ्या मोठ्या साधनेच्या काळातही बायकोची विचारपूस करतो, याची नोंद असावी.

१६ मार्च, रविवार

दिवसभर कपाटासमोर बसलो. काही नाही. त्यात हिने कपाटातले कपडे, चादरी, जुने अल्बम, सगळं उपसून पलंगावर ढीग घातला. ही आवराआवर नेमकी माझ्या साधनेच्या वेळी सुचायची होती. विचारलं तर म्हणाली, रिकामं केलं की हलकं होतं. म्हटलं, वजनाशी माझा काही संबंध नाही. ती म्हणाली, ते लग्नापासून ठाऊक आहे.

१८ मार्च, मंगळवार

कालही हललं, आजही हललं. आज तर चांगलं वीतभर. कपाट रिकामं केल्याने त्याचा विरोध थोडा कमी झाला असेल, हे मान्य करण्याइतका मी मोठ्या मनाचा आहे.

आता मुख्य निरीक्षण. मी समोर बसलो की कपाट हलत नाही. रविवारी हललं नाही. ऑफिसला गेलो की हलतं. अर्थ उघड आहे: माझी शक्ती जवळून चालत नाही, लांबून चालते. चष्म्याचा नंबर असतो तसं. टक्कलगुरुजींच्या अख्ख्या व्हिडिओमालेत हा मुद्दा नाही. बिचारा.

संकल्प: उद्यापासून जेवणाच्या सुट्टीनंतर ऑफिसातच डोळे मिटून एकाग्रता. तशी ही शिस्त मी गेली कित्येक वर्षं पाळतो आहे. फक्त कारण आज कळलं.

२० मार्च, गुरुवार

सकाळी ऑफिसला निघताना जिन्यात शिंपीणबाई भेटल्या. आमच्या खाली राहतात, शिवणकाम करतात, आवाज मशीनपेक्षा मोठा. म्हणाल्या, भाऊ, रोज दुपारी वर काय ओढता हो? डोक्यावर रेडे नाचल्यासारखं वाटतं, माझी शिवण वाकडी जाते. मी मंद हसलो. म्हटलं, दुपारी मी ऑफिसात असतो, बाई. त्या म्हणाल्या, मग वर कोण असतं? मी पुन्हा मंद हसलो.

त्रयस्थ साक्षीदार मिळाला! शक्तीला आवाजही आहे.

त्या ताडताड वर गेल्या. हिच्याशी भांडायलाच असणार. बायकांच्या भांडणात मी पडत नाही, खाली उतरलो.

२१ मार्च, शुक्रवार

कपाटाच्या पायांखाली माझा जुना टॉवेल सापडला. शिवाय एक नवखा फुलाफुलांचा कापडाचा तुकडा. कपाट सरकताना वाटेत येतील त्या वस्तूंना ओढून घेत असावं. चुंबकत्व?

आज सगळ्यात जास्त सरकलं. पार दारापर्यंत. मी तयार होतो आहे.

२३ मार्च, रविवार

मेहुण्याचा फोन. विचारत होता, भावजी, कपाटाचं काय झालं, माणसं पाठवू का? न राहवून बोलून गेलो. म्हटलं, हात न लावता हलवतोय. तो म्हणाला, भावजी, हात लावून तुमच्याकडून काही होत नाही, मग हात न लावता काय होणार? म्हटलं, येत्या रविवारी बाबांना घेऊन येशील तेव्हा डोळ्यांनी बघ. तो म्हणाला, बाबांनाही सांगतो, करमणूक होईल त्यांची.

सांग म्हटलं. ज्यांनी काडीवर हसून घेतलं त्यांनी कपाट बघावं.

२५ मार्च, मंगळवार

कपाट दारात अडकलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. वळवल्याशिवाय निघणार नाही. आत जायचं तर पोट आत घेऊन कडेने सरकावं लागतं, आणि पोट मनोचालनाला दाद देत नाही.

वळण कसं द्यायचं हे फुकटच्या धड्यांत नाही. गुरुजींना सविस्तर पत्र टाकलं: कपाट, दार, सासरे, सगळं. लगेच उत्तर आलं, 'तुमच्या उत्साहाबद्दल आभार, आधी काडीचा सराव पूर्ण करा.' काडीचीही अक्कल नाही माणसाला.

२८ मार्च, शुक्रवार

अजून दारातच. ही समोर येऊन उभी राहिली. नेहमीसारखी ओरडली नाही, त्यामुळे जरा घाबरलो. म्हणाली, परवा बाबा येणार. त्यांना खोली तयार आहे म्हणून मी सांगितलंय. दार असं राहिलं तर ते उंबऱ्यातूनच मागे फिरतील, वर म्हणतील, बघ, म्हटलं नव्हतं का अडचण होईल. पुन्हा कधी येणार नाहीत. ओळखते मी त्यांना. हमाल बोलावते.

मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही? ती म्हणाली, तुमच्यावर विश्वास ठेवायचा तर तुम्ही काहीतरी करायला हवं. निदान नको म्हणण्याचं काम तरी सोडा.

हमाल नकोच म्हटलं. माणूस कळसाला पोचत असताना हमाल?

२९ मार्च, शनिवार

सुट्टी. म्हणजे मी घरी. म्हणजे कपाट हलणार नाही. शास्त्रच आहे. तेव्हा घरासाठी त्याग करून दुपारभर बाहेर पडलो. बागेतल्या बाकावर बसून घराच्या दिशेने मन लावलं. बाजूला एक आजोबा बसले होते. विचारत होते, पोटात दुखतंय का?

संध्याकाळी

निघालं! दारातून सुटून दिवाणखान्यात उभं आहे. थोडं तिरकं, जाण्यायेण्याच्या वाटेवर आलंय. पण तेवढं मुद्दाम ठेवलंय असं समजू, उद्याच्या प्रात्यक्षिकाला.

स्वयंपाकघरात शिंपीणबाई चहा पीत बसलेल्या. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, बोलायला दम नाही. साक्षात चमत्कार पाहिलेल्या माणसाचं असंच होतं. ही भिंतीकडे तोंड करून आडवी. बाबा येणार म्हणून हळवी झाली असणार. त्रास दिला नाही. स्वतःचा चहा स्वतः घेतला, किटलीत उरला होता तो.

३० मार्च, रविवार

आले. मेहुण्याने एका बाजूने धरलेले, पुढे वॉकर. जिना चढतानाच थकले होते. दिवाणखान्यात आले आणि थांबले, कारण वॉकर कपाटापाशी अडला. भिंतीपर्यंत हातभर सरकवायचं राहिलं होतं.

मी म्हटलं, बाबा, एक मिनिट. मेहुण्याने हाताची घडी घातली. मी खुर्ची ओढून बसलो. डोळे मिटले. जवळून चालत नाही हे लक्षात होतं, म्हणून खुर्ची शक्य तितकी लांब, न्हाणीघराच्या दारात. एकरूप झालो. मी कपाट आहे. कपाट भिंतीकडे चाललं आहे.

डोळे उघडले. कपाट तिथेच. पुन्हा मिटले.

बाबा बसू शकत नव्हते. खुर्ची माझ्याखाली होती. वॉकरची रबरी टोकं फरशीवर टकटक वाजायला लागली. त्यांचे हात कापत होते, त्याचा तो आवाज. मी मनात म्हटलं, आता होईल, आता. बाबा हिला म्हणाले, बाळा, उगीच अडचण झाली बघ माझी. मी सांगितलं होतं.

मग घासल्याचा आवाज आला. मी डोळे न उघडताच म्हणालो, बघितलंत?

दाद घ्यायला डोळे उघडले. ही खांदा लावून उभी होती. पट्टी बांधलेला हात छातीशी धरलेला, दुसऱ्या हाताने आणि खांद्याने रेटत होती. दुसऱ्या बाजूला शिंपीणबाई. कधी वर आल्या कळलं नाही. पायांखाली माझा टॉवेल आणि तो फुलाफुलांचा तुकडा. दोघी बोलत नव्हत्या. शिंपीणबाई नुसतं हं म्हणायच्या आणि दोघी एकदम जोर लावायच्या. असं सवयीशिवाय जमत नाही.

मेहुणा धावला. कपाट भिंतीला टेकलं. तरी वॉकर जाईना, कारण मागच्या खोलीकडे जाणारी न्हाणीघरापासची वाट मी अडवली होती. बाबा म्हणाले, जावईबापू, जरा बाजूला होता का?

आज हात न लावता नुसत्या शब्दाने हललेली वस्तू एकच.

बाबांनी खोली बघितली. पलंग, खिडकी, उशापाशी दिवा. म्हणाले, तयार आहे की गं खरंच. ही तेव्हा पहिल्यांदा रडली.

३१ मार्च, सोमवार

ऑफिस. सर्वज्ञाने विचारलं, पुस्तकात नसलेलं काय म्हणतंय? म्हटलं, डोकं दुखतंय.

निळी फाइल उचलून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. हातानेच. साहेब म्हणाले, बरे आहात ना?

घरी हिला विचारलं, कधीपासून? म्हणाली, रोज दुपारी, तुम्ही गेल्यावर. मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. शिंपीणबाई भांडायलाच वर आल्या होत्या. त्या दिवशी तुम्ही जिना उतरताच मी एका हाताने रेटायला लागले होते, ते बघितलं आणि म्हणाल्या, भांडण राहू दे, आधी टॉवेल आणा. त्यांच्या दुपारी गेल्या आपल्या कपाटापायी. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर अडकून पडलीय बिचारीची, शर्ट शिवून झालेत, बटणं लावायची राहिलीत. शाळा रोज माणूस पाठवते ओरडायला.

मी म्हटलं, अरेरे. मागच्या खोलीतून बाबा म्हणाले, जावईबापू, अरेरे जरा हळू, झोप लागत होती.

टक्कलगुरुजींचा नवा व्हिडिओ आलाय, 'अपयश आलं तर'. बघितला नाही. नंतर बघेन कदाचित.

२ एप्रिल, बुधवार

ऑफिसातून आलो, एक मजला कमी चढलो. शिंपीणबाईंनी दार उघडलं. वाटलं होतं, मंद हसतील. त्यांनी विचारलं, आता काय हलवायचंय? म्हटलं, बटणं लावतो. शिकायला बाहेरगावी होतो तेव्हा स्वतःची लावायचो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं आणि ढिगाची कीव आल्यासारखा चेहरा केला. पण सरकून जागा दिली.

पहिलं बटण काजापासून बोटभर खाली लागलं. बाईंनी न बोलता उसवलं. दुसरं बरं. मग शर्ट माझ्याच बाहीला शिवला गेला, तोही उसवला. बोटाला सुई लागली दोनदा, ओरडलो एकदाच.

म्हटलं, बाई, वर सांगू नका हं. त्या म्हणाल्या, सांगण्यासारखं अजून काही झालेलं नाही, भाऊ, दोरा ओवा.

ओवला. ढीग संपवूनच उठलो.